आपली वऱ्हाडी आणि पुस्तकातली मराठी

वाचकहो, अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात पहिलीच्या वर्गात मूल प्रथम येऊन बसते, तेव्हा ते काही मुके नसते. पाच-सहा वर्षे ते घरात, अंगणात, वावरात भरपूर बोललेले असते. भांडलेले असते, हट्ट केलेले असते, आजीच्या गोष्टीला हुंकार दिलेला असतो. आता गुरुजी भिंतीवर चित्रांचा तक्ता टांगतात आणि विचारतात, "हे काय आहे?" मूल उत्साहाने सांगते, "गाळी." गुरुजी म्हणतात, "गाळी नव्हे, गाडी म्हण." दुसरे चित्र. "शाया." "शाया नव्हे, शाळा." तिसरे. "केयी." "केयी नव्हे, केळी." तीन चित्रांत तीन वेळा 'नव्हे' ऐकल्यावर चौथ्या चित्राला ते पोर तोंड उघडील, अशी आशा कशाला करावी?

या तिन्ही वेळी मूल चुकले असे आपण सहज धरून चालतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि आमच्याकडे येणारी अठरा वर्षांची मुले हे 'नव्हे' बारा वर्षे ऐकून आलेली असतात. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर डोळ्यांत दिसते, पण ओठांवर येत नाही. बाहेर व्हरांड्यात हीच मुले अशी फर्डी बोलतात की ऐकत राहावे. म्हणून आज मला आपल्याशी या दोन बोलण्यांबद्दल थोडे सविस्तर बोलायचे आहे. एक आपली वऱ्हाडी, दुसरी पुस्तकातली मराठी. त्यांत सारखे काय, वेगळे काय, आणि जे वेगळे आहे ते वाटेल तसे वेगळे आहे की त्याला काही नियम आहे?

प्रथम एक साधे वाक्य घेऊ. "माहा भाऊ वावरात कापूस येचून राह्यला. पानी आलं त तो घरी येईन." हेच पुस्तकात असे छापतील : "माझा भाऊ शेतात कापूस वेचतो आहे. पाऊस आला तर तो घरी येईल." आता ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. भाऊ तोच, कापूस तोच, घर तेच. शब्दांचा क्रम तोच. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. 'वावरात' आणि 'शेतात' हे शब्द निराळे, पण त्यांना लागलेला 'त' एकच. 'वेचणे' आणि 'येचणे' यांत तर एका अक्षराचा फरक. म्हणजे सांगाडा एक आहे, फरक आहे तो वरच्या कातडीत.

सांगाडा एक आहे हे मी नुसते भावनेने म्हणत नाही. एखादे बोलणे मराठीच्या घरातले की शेजारच्या हिंदीच्या, हे ओळखायच्या काही ठरलेल्या खुणा आहेत. भूतकाळात 'ल' येतो का, ही पहिली. गेला, आला, बसला. हिंदीत गया, आया, बैठा. दुसरी खूण 'चा-ची-चे' ही. हिंदीत रामका घर, मराठीत रामाचे घर, वऱ्हाडीत रामाचं घर. तिसरी खूण लिंगांची. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोनच. या तिन्ही कसोट्यांवर वऱ्हाडी सरळ मराठीच्या घरात येऊन बसते. मोर्शी-वरुडकडे मध्यप्रदेशची हद्द लागून आहे, अचलपूर-अकोल्यात शतकानुशतके उर्दू-हिंदी कानांवर पडत आली आहे, तरी हा कणा ढळलेला नाही. 'म्या भाकर खाल्ली' या वाक्यात 'खाल्ली' हे रूप भाकरीच्या लिंगावरून ठरते, खाणाऱ्याच्या नव्हे. पुण्यातही तसेच, आणि पातुरातही तसेच. निरक्षर म्हातारी हा नियम कधी चुकत नाही. तिला कोणी शिकवला?

आता उच्चारांकडे येऊ. इथेच सगळी मौज आहे, आणि इथेच शाळेतले सगळे मार.

वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा : डोया. काळा : काया. पोळा : पोया. होळी : होई. पोळी : पोई. नळ : नय. एखाद-दुसऱ्या शब्दात नव्हे, जिथे जिथे पुस्तकी मराठीत 'ळ' आहे तिथे तिथे हे होऊ शकते. मग 'ळ' हा आवाज वऱ्हाडी माणसाच्या तोंडात येतच नाही, असे समजावे काय? मुळीच नाही. तक्त्यावरच्या चित्राला ते मूल 'गाळी' म्हणाले होते ना? त्यात 'ळ' स्वच्छ होता. दोन स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या शेवटी जो 'ड' येतो, त्याचा वऱ्हाडीत 'ळ' होतो. घोडा : घोळा. झाड : झाळ. लाकूड : लाकूळ. थोडा : थोळा. इकडे-तिकडे : इकळे-तिकळे. शब्दाच्या आरंभी असलेला 'ड' मात्र हलत नाही. 'डोया'तला पहिला 'ड' तसाच राहिला, 'ळ' तेवढा बदलला. 'खड्डा'तला जोड 'ड'ही तसाच राहतो.

हे दोन नियम एकमेकांशेजारी ठेवले की एक विलक्षण गोष्ट दिसते. रांगेत बसलेल्या माणसांपैकी एकाने थोडे पुढे सरकावे, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर मागच्याने येऊन बसावे, तसे झाले आहे. 'ळ' आपली जागा सोडून 'य'कडे गेला. त्याच्या जागी 'ड' येऊन बसला. म्हणून पुस्तकातली 'काडी' वऱ्हाडात 'काळी' झाली, आणि पुस्तकातली 'काळी' वऱ्हाडात 'काई' झाली. दोन्ही शब्द वेगळे ते वेगळेच राहिले. घोटाळा कुठेही नाही. घोटाळा होतो तो फक्त दोन बोलण्यांच्या सीमेवर. "मले एक काळी दे" असे मूल म्हणाले तर त्याला रंगाची खडू हवी असे पुण्याकडून बदलून आलेल्या बाईंना वाटेल. त्याला हवी असते काडी. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत अशा सरकण्याची उदाहरणे लांबलांबच्या भाषांतून देतात. आमच्या मुलांना ती बसल्या जागी ऐकू येतात, पण तिकडे कोणी बोट दाखवीत नाही.

'ण'चा 'न' होतो हे आपण सारे जाणताच. पाणी : पानी, कोण : कोन, माणूस : मानूस. शब्दाच्या आरंभीचा 'वि' किंवा 'वी' असला तर त्यातला 'व' गळतो. विचार : इचार, वीस : ईस, विस्तव : इस्तो. 'वे' असेल तर 'ये' होतो. वेडा : येळा, वेचणे : येचणे. कधी कधी दोन नियम एकाच शब्दावर चालतात. गवत कापायचा 'विळा' घ्या. आरंभीचा 'वि' गेला, 'इ' राहिली, 'ळ'चा 'य' झाला, उरला 'इया'. परक्याला वाटेल हा शब्दच निराळा. पण हिशेब चोख आहे, गणितासारखा करून दाखवता येतो.

प्रत्ययांत मुख्य फरक एकच, पण तो पदोपदी येतो. पुस्तकात 'ला' तिथे वऱ्हाडीत 'ले'. मला : मले, तुला : तुले, बाजाराला : बाजाराले. हा 'ले' इतका नियमाने चालतो की 'पाहायला गेला', 'करायला सांग' यांतल्या 'ला'लाही तो सोडत नाही. 'पाह्याले गेला', 'कराले सांग'. पश्चिमेला खानदेशात आणि पूर्वेला वर्धा ओलांडून नागपूरकडे गेलात तरी हा 'ले' आपली सोबत करतो.

क्रियापदांत तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पुणेकर 'तो जातो, ती जाते' असा भेद करतात. वऱ्हाडीत 'तो जाते, तो येते, तो म्हणते' असे चालते. वर्तमानकाळात पुरुष-बाई भेद इथे गळाला, भूतकाळात 'गेला-गेली' म्हणून तो शाबूत आहे. दुसरी गोष्ट चालू क्रियेची. 'जेवतो आहे' असे न म्हणता आपण 'जेवून राह्यला' म्हणतो. हिंदीतले 'खा रहा है' याच वळणाचे आहे, आणि शेजाराचा हा परिणाम असावा असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, राहणे हे क्रियापद आणि त्याचा 'ल' मराठीच आहे. पण पुण्याच्या माणसाला "तो बसून राह्यला" हे ऐकून, बिचारा तासन् तास बसून होता की काय, असे वाटते. इकडे तो नुकताच टेकत असतो.

तिसरी गोष्ट भविष्यकाळाची, आणि तीच सर्वांत फसवी. पुस्तकात 'मी येईन' पण 'तो येईल'. वऱ्हाडीत 'तो'च्या पुढेही 'न' येतो; 'तो येईन', 'पानी पडन', 'कसं होईन?' आता समजा, आठवीतल्या मुलाने वर्गशिक्षकाला चिठ्ठी लिहिली, "बाबा उद्या शाळेत येईन." शिक्षक बाहेरचे असतील तर त्यांना हे मुलाने बाबांना लिहिलेले पत्र वाटेल! रूप दोन्हीकडे आहे, अर्थ वेगळा आहे. पूर्ण अनोळखी शब्दापेक्षा असे ओळखीचा चेहरा घेऊन येणारे शब्दच जास्त फसवतात.

अशा फसव्या शब्दांची वऱ्हाडात काय कमी आहे? 'पानी आलं' म्हणजे आपल्याकडे पाऊस आला. शहरात 'पाणी आलं' म्हटले की बाया बादल्या घेऊन नळाकडे धावतात. बाजारातून 'सांबार' आणायला सांगितले तर आपण कोथिंबिरीची जुडी आणतो. मुंबईचा माणूस इडलीबरोबरच्या आमटीची वाट पाहत बसेल. 'बंडी' आपल्याकडे बैल ओढतात, पुण्याकडे ती अंगात घालतात. 'गोटा' आपल्याला कुठलाही दगड. पुण्याकडे गुळगुळीत दगड, नाही तर न्हाव्याकडून घरी परतलेल्या माणसाचे डोके. आणि 'ढेप'? इथे थोडे थांबले पाहिजे, कारण ही नुसती गमतीची गोष्ट नाही. वऱ्हाडातला शेतकरी ढेप म्हणतो ती सरकीची, गुरांना घालायची. कोल्हापूरकडचा शेतकरी ढेप म्हणतो ती गुळाची. गुरांच्या खाद्याला तो 'पेंड' म्हणतो. जनावरांच्या खुराकाविषयी छापलेल्या एखाद्या पत्रकात नुसते 'पेंड द्यावी' असे असले, तर दर्यापूरच्या शेतकऱ्याने नेमके काय समजावे?

शेतीच्या शब्दांत हा प्रश्न फार खोल जातो. वावर, धुरा, पऱ्हाटी, कुटार हे शब्द आपल्याला इतके अंगवळणी पडलेले आहेत की ते दुसरीकडे समजत नाहीत हे आपल्याला खरे वाटत नाही. पश्चिम महाराष्ट्रात शेत, बांध, कपाशी, भुसा असे म्हणतात. आपण वखर चालवतो, तिकडे कुळव. आपण तिफणीने पेरतो, तिकडे पाभरीने. पीक वीतभर वर आले की दोन ओळींतून आपण डवरा फिरवतो. तिकडे ते कोळपे, आणि काम कोळपणीचे. आपल्या बाया निंदतात, तिकडच्या खुरपतात. आपल्याकडे ज्वारी सोंगतात, तिकडे कापतात. अवजारांची घडण थोडीफार वेगळी असेल, पण काम तेच आहे, आणि तणाला दोन्ही नावे सारखीच नकोशी आहेत.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. त्याच्या पुस्तिकांत आपल्याला 'डवरणी', 'निंदण' हे शब्द आढळतात. राहुरीकडच्या पुस्तिकांत 'कोळपणी', 'खुरपणी'. हे मला फार शहाणपणाचे वाटते. पेरणीनंतर किती दिवसांनी काय करावे हे सांगताना शब्द चुकीचा ऐकू गेला तर आठवडा जातो, आणि कोरडवाहू शेतीत तो आठवडा पुन्हा मिळत नाही. शाळेच्या पुस्तकात मात्र अजून 'शेतकरी कुळव चालवतो' असे वाक्य आले, की ज्याच्या घरी दोन वखर आहेत ते मूलही शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते.

आता कोणी विचारील, मग पुण्याची मराठी ही खरी, आणि आपली तिच्यापासून बिघडलेली, असेच ना? हा समज फार पसरलेला आहे, शिकलेल्या वऱ्हाडी माणसांतच अधिक. त्याला इतिहासाचा आधार नाही. मराठीतला पहिला मोठा गद्य चरित्रग्रंथ, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. चक्रधरस्वामींच्या आठवणी लोकांकडून विचारून-विचारून गोळा केल्या गेल्या, आणि त्या बोलल्या जाणाऱ्या मराठीत लिहिल्या गेल्या. रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. त्याच गावी २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तेराव्या शतकातली मराठी म्हणजे आजची वऱ्हाडी असे मात्र कोणी समजू नये. सातशे वर्षांत दोन्हीकडे पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. पण कर्त्याचे 'म्या' हे रूप, हाक मारतानाचे 'गा' हे संबोधन, ही त्या काळच्या ग्रंथांत पावलोपावली भेटतात. ज्ञानेश्वरीतही आहेत. आज पुस्तकी मराठीने ती टाकून दिली, वऱ्हाडाने ठेवली. "काय गा, कुठी चालला?" हे वाक्य ज्याला गावंढळ वाटते, त्याने जुनी पोथी उघडून पाहावी.

मग पुण्याकडच्या बोलण्याला 'शुद्ध' हे नाव कसे मिळाले? छापखाना आला तेव्हा ज्यांच्या हाती व्याकरण आणि कोश करण्याचे काम आले, त्यांच्या भोवतीची मराठी ती प्रमाण ठरली. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. वऱ्हाड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. कंपनी सरकारच्या ताब्यात ते आले १८५३ साली. म्हणजे भाषेचे माप ठरले तेव्हा आपण त्या सभेत हजरच नव्हतो. पुढे शाळा निघाल्या त्या तयार माप घेऊनच. महानुभावांचे ग्रंथही या आधी कित्येक शतके सांकेतिक लिपीत बंदिस्त होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते बाहेरच्यांना वाचता येत नव्हते. ते उघडे असते तर प्रमाण मराठीचे रूप थोडे वेगळे झाले असते काय, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. त्याला उत्तर नाही. पण तात्पर्य हे की पुस्तकी मराठी ही आई आणि वऱ्हाडी ही तिची वाया गेलेली मुलगी, असे नाते नाही. दोघी बहिणी आहेत. एकीचे लग्न मोठ्या घरी झाले, एवढेच.

वऱ्हाडी ही मग स्वतंत्र भाषा का म्हणू नये, असाही उलट प्रश्न काही उत्साही तरुण विचारतात. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत १९०५ साली मराठीचा सातवा खंड निघाला. त्यात उधळ्या मुलाची एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत उतरवून घेतली होती, म्हणजे तुलना करायला सोपे. वऱ्हाडी आणि नागपुरी यांना त्यात जवळजवळ बसवले आहे, आणि मराठीच्या बोलींत आपापसात फार अंतर नाही, कोकणी तेवढी खरी निराळी, असा तिथला अभिप्राय आहे. पण निव्वळ अंतर मोजून भाषा की बोली हे ठरत नाही. दक्षिण आफ्रिकेत झुलू आणि खोसा या दोन भाषा आहेत. बांटू नावाच्या मोठ्या कुळातल्या, अगदी सख्ख्या. एकमेकांचे बोलणे त्यांना बरेचसे कळते. तरीही दोघींचे लेखन वेगळे, पुस्तके वेगळी, शाळेतला विषय वेगळा, आणि त्या देशाच्या राज्यघटनेत दोन्ही स्वतंत्र राजभाषा म्हणून नोंदलेल्या. तिथे दोन भाषा झाल्या कारण दोन वह्या झाल्या. आपण वही एकच ठेवली. वऱ्हाडच्या माणसाने लिहायला बसल्यावर नेहमी पुस्तकी मराठीच लिहिली, आणि ती आपलीच मानली. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता मोझरीची, पण ती साताऱ्याच्या माणसाला शब्दकोशाशिवाय वाचता येते.

बोलण्याने मात्र कोणाचे अडले नाही. गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातला. त्यांचे कीर्तन अस्सल वऱ्हाडी बोलण्यात होई, आणि ते महाराष्ट्रभर हिंडले. त्यांच्या अखेरच्या वर्षी, १९५६ साली, मुंबईत वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. समोर मुंबईकर मंडळी आहेत, बाबा प्रश्न विचारतात, आणि लोक एका आवाजात उत्तर देतात. दोन बहिणी एकमेकींना किती कळतात याचा याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाही.

लेखकांनीही ही बोली कागदावर आणली. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० सालची. निवेदन पुस्तकी मराठीत आणि कौतिकच्या घरातले संवाद वऱ्हाडीत, अशी तिची रीत आहे. वाचणाऱ्याला दोन्ही एकाच पानावर भेटतात. परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर यांनी 'पूर्णामायची लेकरं' लिहिली. जाता जाता एक सांगतो. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे नाव ऐकून पुष्कळांना ते आपल्याकडचे वाटते. त्यातले वऱ्हाड म्हणजे लग्नाचे वऱ्हाड, आणि बोली मराठवाड्याची!

शिक्षक बंधुभगिनींनो, आता वर्गातल्या वहीकडे वळू. मुलाने 'शाया' लिहिले तर ते ऐकू येते तसे लिहिते आहे. त्याचा कान शाबूत आहे. खरी काळजी वाटावी ती उलट्या चुकांची. 'य' म्हटले की गुरुजी रागावतात एवढेच ज्याला कळले, ते मूल भीतीने 'गाय'ची 'गाळ' करते. 'न'ला नेहमीच बोलणी बसतात असा ज्याचा समज झाला, ते 'मन'ला 'मण' लिहिते, 'वन'ला 'वण'. महाविद्यालयातल्या उत्तरपत्रिकांतही मी असे 'मण' पाहिले आहेत. ही वऱ्हाडी नव्हे आणि पुस्तकीही नव्हे. ही केवळ भीती.

यावर साधा उपाय आहे. फळ्याचे दोन भाग करावे. एकीकडे 'घरी', दुसरीकडे 'पुस्तकात'. मुलांनीच शब्द सांगावे. डोया, डोळा. पोया, पोळा. घोळा, घोडा. दहा जोड्या झाल्या की कोणी ना कोणी पोरगे ओरडून सांगते, "गुर्जी, सगळीकडं तसंच हाय!" नियम त्याने स्वतः शोधला. मग ज्या शब्दांत 'य' दोन्हीकडे 'य'च राहतो त्यांची वेगळी यादी करावी. गाय, पाय, सोय. या यादीशिवाय पहिली यादी धोक्याची आहे, कारण 'गाळ' तिच्यातूनच जन्मते. 'येईन-येईल' यांसाठी एक पूर्ण तास द्यावा, आणि शेतीच्या शब्दांची यादी तर मुलांकडून घरच्या म्हाताऱ्यांना विचारून आणवावी. त्यात आपल्यालाही माहीत नसलेले चार शब्द निघतील.

मेळघाटातल्या शिक्षकांना यातले फारसे काही उपयोगी पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. चिखलदरा आणि धारणीकडची कोरकू भाषा मराठीची बहीण नव्हे, चुलत बहीणही नव्हे. तिचे कूळच वेगळे, मुंडा भाषांचे. तिचे सगेसोयरे पूर्वेला झारखंडात आहेत, मुंडारी आणि संथाळी. कोरकूत दोनाला 'बारी' म्हणतात, संथाळीत 'बार'. मधे शेकडो मैलांचा मराठी-हिंदीचा मुलूख पसरलेला आहे आणि तरी हे आकडे एकमेकांना ओळखतात. कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचनही आहे; दोन माणसांसाठी वेगळे रूप, पुष्कळ माणसांसाठी वेगळे. 'कोरो' म्हणजे माणूस, त्याला 'कू' लावले की माणसे. त्यांच्या जमातीचे आणि भाषेचे नाव तेच. वर ज्या बांटू कुळाचा उल्लेख आला त्याचेही असेच आहे. झुलूत 'उमुंटू' म्हणजे एक माणूस आणि 'अबांटू' म्हणजे माणसे. खूण तिकडे शब्दाच्या पुढे लागते, इकडे मागे. धारणीच्या शाळेत दोन रकान्यांचा फळा पुरत नाही, तीन रकाने लागतात. कारण तिथले मूल घरी कोरकू बोलते, बाजारात वऱ्हाडी ऐकते, आणि पुस्तक उघडते तेव्हा तिसरीच भाषा समोर येते.